सासऱ्यांची बंदूक आणि माझे निवडक छर्रे

आधी चहा संपवा. कप खाली ठेवल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही, कारण मागच्या खेपेला हे सांगताना एकाच्या नाकातून चहा बाहेर आला होता. आणि मध्येच आमची मंडळी आतून बाहेर आली, तर आपण उसाच्या भावावर बोलतोय. ठरलं?

तर माझ्या हातून एकदा असा काही प्रताप घडलाय की सासरवाडीत अजून माझं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग नमस्कार करतात.

मी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. म्हणजे काय करतो? टॉवेलचा गोल तुकडा कापायचा, काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवायचा आणि वजन बघायचं. काटा इतका नाजूक की समोर कुणी उसासा टाकला तरी हलतो. वजनात जरा फरक पडला की शेरा मारायचा, 'सेकंड माल'! आयुष्यभर हेच केल्यावर माणसाचा स्वभाव बिघडणारच. घरी ताटात भाकरी पडली की मी आधी ती तळहातावर तोलतो.

"ही जरा जड झालीय," मी म्हणतो.

"मग निम्मी ठिवा परत," आमची सुनंदा म्हणते.

सुनंदाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं. सासरे, म्हणजे आमचे मामा, ऊस लावतात, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलतात. त्यांना दोन मुली, मुलगा नाही. आणि घरात एक परवान्याची बंदूक. साधीसुधी नाही हं! बोल्ट ओढून काडतूस भरायची, कारखान्यात बनलेली खरी रायफल. उसात रानडुकरं शिरली की मामा बांधावर उभे राहून हवेत बार काढायचे. आता त्यांचे हात थरथरतात. म्हणून त्यांनी जाहीर केलं की सरकारदरबारी रीतसर अर्ज करून बंदूक एका जावयाच्या नावावर करायची.

जावई दोन. धाकटा मी. थोरले बसवराज, माझे साडूभाऊ.

साडूभाऊंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणूस इतका थंड की विचारू नका. टायर चांगला की वाईट हे ते लाथ मारून ठरवतात. वजन नाही, माप नाही, काही नाही! आणि सासरवाडीत पहिला पाट त्यांना. पहिलं ताट त्यांना. आहेर वाटायला लागले की पहिला टॉवेल त्यांना, आणि तो टॉवेल कुठला? आमच्या कारखान्यातला! सांगा, माणसानं किती सोसायचं?

खरं सांगू? मला बंदुकीचं काडीचं कौतुक नव्हतं. फटाक्याला पण मी लांबूनच उदबत्ती लावतो. पण ती बंदूक माझ्या घरी आली असती, तर त्या घरात एकदा तरी मी पहिला झालो असतो. तेवढं मला हवं होतं, आणि फार हवं होतं.

मामा म्हणाले, "ज्येचा नेम चांगला, त्येची बंदूक. सोलापुरात रायफल क्लब हाय न्हवं? तितं एअर रायफलवर मारून दावा दोघंबी."

मी दुसऱ्याच दिवशी क्लबात नाव घातलं. सराव सुरू केला. छर्रे कुठंही जायचे. एक उजवीकडं, एक डावीकडं, एक तर बहुधा विजापूर रोडला लागला असावा. आता तुमच्यासारखा माणूस म्हणाला असता, 'आपला नेम वाईट.' मी काय म्हणालो? 'माल वाईट!' क्वालिटीतला माणूस ना मी.

मग मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक अमेरिकेतला टोपीवाला बाबा होता. दुकानातून आणलेली साधी रायफल, पण काडतुसं बाबा घरी स्वतः भरायचा. प्रत्येक गोष्ट तोलून मापून. आणि त्याच रायफलीतून गोळीवर गोळी बसायची, भोकात भोक! माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. जगात आपल्या जातकुळीचं कुणीतरी आहे!

दुसऱ्या दिवशी बंदुकांच्या दुकानात गेलो आणि विचारलं, "घरी काडतूस भरायला काय काय लागतं?"

मालक गल्ल्यावरून उठला, बाहेर डोकावला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पहिल्यांदा वकील लागतो."

"म्हणजे?"

"परवाना नसताना असलं करायला गेलात की सरकारी भाकरी खायला लागंल. घरी जावा. पोरंबाळं हायत न्हवं?"

गेलो घरी. पण विद्या डोक्यात शिरली ती शिरलीच. काडतूस भरता येत नाही ना? नको! छर्रे तर निवडता येतात!

झालं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या त्या काचेच्या पेटीत मी एकेक छर्रा चिमट्यानं ठेवायला लागलो. श्वास रोखून. बरोबर वजनाचे एकीकडं, बाकीचे 'सेकंड' म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. निवडलेले घरी नेऊन साबणाच्या पाण्यात धुतले. चहाच्या गाळणीत निथळले. सुनंदानं ती गाळणी माझ्यासमोर खिडकीतून बाहेर फेकली, ती गोष्ट वेगळी. मग व्हिडिओतल्या बाबानं सांगितल्याप्रमाणे तेलाचा हात दिला. बाबानं कुठलंसं खास तेल थेंबभर सांगितलं होतं. मी शेंगतेल घेतलं, आणि आपल्याकडं थेंबभर तेलाला तेल म्हणतात का?

आता ठेवायचे कशात? एकमेकांवर घासून चालणार नव्हतं. वजनाप्रमाणे वेगळे कप्पे हवेत, वर घट्ट झाकण हवं. असा डबा घरात एकच होता. मिसळणाचा!

"मोहरी कुटं ठिवू मी?" सुनंदा ओरडली.

"थोडे दिवस कागदात ठेव."

"आणि हळद? जिरं?"

"सुनंदा, तुझ्या वडिलांच्या बंदुकीचा प्रश्न आहे."

"अवो, लोकं जुगारापायी येडी हुत्यात, दारूपायी हुत्यात. तुमी छर्‍यापायी झालाय. माहेरी काय सांगू मी?"

मी वाट्या फडक्यानं पुसल्या, छर्रे भरले आणि झाकण लावलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. मामा पांढरं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून आले आणि रेंजवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी आधीच पोहोचलो होतो. पहिल्या क्रमांकाच्या जागेवर उभा राहून समोरच्या कार्डाकडं टक लावून बघत होतो. ते कार्ड मी डोळ्यात भरून घेतलं होतं. डोळे मिटले तरी दिसावं इतकं.

तेवढ्यात साडूभाऊ आले. हात हलवत.

"छर्रे कुठायत तुमचे?" मी विचारलं.

"आणायचे असतात व्हय? मला वाटलं हितंच मिळत्यात."

बघा! हा माणूस बंदूक न्यायला आलाय! मी उदार मनानं खिशात हात घातला आणि ती सेकंड मालाची पिशवी काढून त्यांच्या हातावर ठेवली. साडूभाऊंना गहिवरून आलं.

"लई उपकार झालं बघा," ते म्हणाले. मला थोडं वाईट वाटलं. फार नाही.

आता खरी भानगड इथं सुरू होते, नीट ऐका. साडूभाऊ शांतपणे दोन नंबरच्या जागेवर जाऊन उभे राहिले. मागून मामांनी घसा खाकरला. सासरवाडीत घसा खाकरण्याचे अर्थ ज्याला कळत नाहीत तो जावईच नव्हे. थोरला जावई दोन नंबरवर? शोभतं का?

"साडूभाऊ, तुम्ही इकडं या. पहिली जागा तुमची," मी म्हणालो.

"र्‍हाऊ द्या की. तुमी आधी आलाय."

"छे, छे! थोरले तुम्ही."

"अवो, बंदुकीला कसला आलाय थोरला-धाकटा?"

"मान म्हणजे मान!"

"बरं, मग तुमी म्हणताय म्हणून."

"नाही, मनापासून या!"

शेवटी रेंजवरचे सर ओरडले, "ओ पाहुणे, हितं नेम धरायचा हाय का जेवणाच्या पंगती बसवायच्यात?"

मग आम्ही जागा बदलल्या. साडूभाऊ एकवर, मी दोनवर. दोघांनी दहा-दहा छर्रे मारायचे. मी मिसळणाचा डबा उघडला, आणि सरांनी फक्त कपाळाला हात लावला.

पहिला छर्रा सोडला. फटाक्! एवढा आवाज, आणि नळीतून धुराचं एक वेटोळं.

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "अय्यो! कोण तळतंय काय?"

खरंच हो! फोडणीचा वास सुटला होता. नळीतल्या दाबानं माझं शेंगतेल पेटत होतं.

"किती तेल लावलंय छर्‍याला?" सरांनी विचारलं.

"सर, ते तंत्र आहे."

"तंत्र? पुढच्या बाराला कांदा टाका म्हणजे झालं."

मी लक्ष दिलं नाही. नेम धरावा, फटाक् व्हावं, चष्म्यावर धूर यावा, पुसावा, पुन्हा नेम धरावा. दहा मीटरवरचं बारीक भोक मला एरवीही दिसत नाही, तेव्हा तर समोर नुसता काळा ठिपका तरंगत होता. पण आतून खात्री होती. आज बसतायत. एकेक वजनाचा छर्रा आहे, जाईल कुठं?

मारून झाल्यावर सर कार्डं घेऊन आले. आधी त्यांनी कार्डांकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोन नंबरचं कार्ड नव्या नवरीच्या रुमालासारखं कोरं करकरीत! आणि एक नंबरच्या कार्डाची चाळण झालेली.

आलं ना लक्षात? मानापायी पाय दोन नंबरवर गेले, पण डोळे एक नंबरवरच राहिले होते! मी दहाच्या दहा छर्रे साडूभाऊंच्या कार्डावर नेम धरून सोडले होते.

पण त्या कार्डावर एक नवल होतं. मधल्या काळ्या भागात इतकी भोकं जवळजवळ पडली होती की त्यांचं एकच भोक झालं होतं. बाकीची भोकं चारी दिशांना उधळलेली.

"मधली कुणाची?" मामांनी विचारलं.

सर म्हणाले, "आता कसं सांगणार? दोघांनीबी एकाच कार्डावर मारलंय."

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत साडूभाऊच म्हणाले, "मामा, मी आपला घोडा दाबत गेलो. कुटं गेलं कुणास ठाव. मधली ह्येंचीच असतील. किती खपलेत बिचारे! डबा बगा की."

मामांनी डबा बघितला. माझ्याकडं बघितलं. मान हलवली. "मग बंदूक धाकट्याची."

ऐकलंत? बंदूक धाकट्याची! मामांचा हात माझ्या खांद्यावर होता. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? वाकून पाया पडतो, पेढे आणायला पळतो. कुणी पुरावा मागितला होता का मला? कुणीही नाही! साडूभाऊंनी नाही, सरांनी नाही.

पण माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. तपासणीशिवाय माल पास? अशानं उद्या साडूभाऊच म्हणणार, 'मी सोडून दिली म्हणून मिळाली.' छे! विजय कसा स्वच्छ हवा. आणि नेमकं त्याच वेळी माझं लक्ष माझ्या बोटांकडं गेलं. पिवळी! वाट्यांतली हळद नीट निघालीच नव्हती. तेलात कालवून ती प्रत्येक छर्‍याला बसली होती.

"थांबा!" मी ओरडलो. "सर, भिंग आणा! मामा, हा बघा पुरावा. माझ्या छर्‍यांना हळद आहे, साडूभाऊंच्या नाही. माझ्या प्रत्येक भोकाच्या कडेला पिवळं असणार. आता दूध का दूध, पानी का पानी!"

मी स्वतः, माझ्या या हातांनी, मामांच्या हातात भिंग दिलं.

मामांनी आधी मधलं भोक बघितलं. बराच वेळ बघितलं. "हितं न्हाय पिवळं."

"नीट बघा, मामा."

"न्हाय." मग भिंग पांढऱ्या कागदावर सरकायला लागलं. "हितं हाय. हितं हाय. ह्या कोपऱ्यात हाय. ह्ये तर पार कडंला हाय."

सर बोटांवर मोजत होते. "नऊ झाली. दहावं कुठाय?" ते समोर गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "सापडलं! लाकडी चौकटीत बसलंय. पिवळं हाय!"

"साकु," मामा म्हणाले. कानडीत साकु म्हणजे पुरे. इतकं पुरेपूर साकु मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्यांनी खांद्यावरचा हात काढला, भिंग सरांना दिलं आणि बंदूक थोरल्याला जाहीर करून ते लिंबू सरबत प्यायला बसले.

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मिसळणाच्या डब्यासकट.

तेवढ्यात साडूभाऊ जवळ आले. त्या माणसाच्या मनात खरंच काही नसतं हो, हाच तर त्रास आहे. ते मामांकडं वळून म्हणाले, "मामा, बंदूक घेतो, पर एक अट हाय. वर्साच्या सरावाला दुकानातनं काडतुसं आणायची, ती ह्येंनीच निवडायची. ह्येंच्यासारखी पारख कुणाला न्हाय."

माझा ऊर जरा भरून आला. निदान विद्येची कदर तरी झाली!

"निवडतो की," मी म्हणालो. "एकेक तोलून देतो."

"हां, चांगली तोलून घ्या," साडूभाऊ म्हणाले. "चांगली चांगली बाजूला काढा, आणि तुमच्याकडंच ठिवा. राहिलेली मला द्या."