तेवीस घरांचे शिक्के

जपानमध्ये अकरा वर्षं काढल्यावर एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला जपान माहीत नाही, जपानची स्टेशनं माहीत आहेत. कुठल्या स्टेशनवर कितव्या डब्यातून उतरलं की जिना समोर येतो, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण इचिकावात आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले आजोबा आयुष्यभर काय काम करायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

नोकरी सॉफ्टवेअरची. पुण्याहून दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आलो आणि ते वाढत गेलं. एवढ्या वर्षांत ज्या सिस्टिम्स बांधल्या, त्यातल्या निम्म्या आता बंदही पडल्यात. पंचेचाळिशी आली तसं माझ्या एका मित्राला मॅरेथॉनचं खूळ लागलं, दुसऱ्याने मुळशीला प्लॉट घेतला. माझ्याकडे कॅमेरा होता. साकुरा, देवळं, लाल कमानी, सगळे काढतात ते सगळे फोटो माझे काढून झाले होते. मग मी ठरवलं की एकच मुलूख धरायचा आणि दहा वर्षं त्याचेच फोटो काढायचे. तीच माणसं, तेच उतार, तेच ऋतू. माझ्या हातून एक तरी काम असं व्हावं जे बंद पडणार नाही, अशी मला फार इच्छा होती.

बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांना ती भुलत नाही. "दहा वर्षं? तू जिमला तीन महिने गेला नाहीस," ती म्हणाली. पण महिन्यातले दोन शनिवार तिने मला दिले.

जागा मी आधीच हेरली होती. टोकियोशेजारच्या चिबा प्रांताच्या दक्षिण टोकाला समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये बिवाच्या बागा आहेत. बिवा म्हणजे लोकाट, पिवळं, रसाळ, लिंबाएवढं फळ. झाडं चढावर, आणि चढ असा की चपला घालून जाण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये फळं बोराएवढी असतानाच प्रत्येक घोसाला हाताने कागदी पिशवी बांधतात. लांबून पाहिलं तर झाडाला पाकिटं लागल्यासारखी दिसतात. बांधणारी माणसं सत्तरीच्या पुढची, आणि ज्यांना आता चढवत नाही त्यांच्या बागांत बांबू माजलाय. मी निवडलेल्या वस्तीत तेवीस घरं होती.

वस्तीचे एक प्रमुख असतात. आळीपाळीने ते काम एकेका घराकडे येतं. मी त्यांना मनातल्या मनात सरपंच म्हणायचो. त्यांच्याकडे मी माझं जपानी पत्र घेऊन गेलो: मी कोण, काय करणार, किती वर्षं येणार. त्यांनी ते दोनदा वाचलं, बराच वेळ "हंऽऽ" केलं आणि म्हणाले, "फिरत्या पाटीला लावतो."

ही फिरती पाटी म्हणजे एक साधा क्लिपबोर्ड. त्यावर वस्तीच्या सूचना लावतात, कचरा कुठल्या वारी, भूकंपाची कवायत कधी. एका घराने वाचायचं, कागदावरच्या आपल्या चौकोनात आडनावाचा छोटा शिक्का उठवायचा आणि पाटी पुढच्या घरी द्यायची. दोन आठवड्यांनी सरपंचांनी मला त्या कागदाचा फोटो पाठवला. तेवीस चौकोन, तेवीस लाल शिक्के.

माझा आनंद गगनात मावेना. आमच्या ऑफिसात कुठलाही प्रस्ताव असाच फिरतो. एकेक साहेब शिक्का मारतो, आणि शेवटचा शिक्का पडला की काम मंजूर. मग ब्रह्मदेव आला तरी मागे फिरत नाही. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "सगळ्या गावाचं अप्रूव्हल आलं. सहीशिक्क्यानिशी."

पुढच्याच शनिवारी पहिल्या गाडीने निघालो. पिशव्या बांधायचे दिवस होते आणि हवा स्वच्छ होती. मी बागाबागांतून हिंडलो. सगळ्यात वरच्या बागेत एक आजी तीन पायांच्या शिडीवर उभ्या होत्या. अंगात दोन मापं मोठं जॅकेट, कमरेला पिशव्यांचा गठ्ठा, दोन्ही हात वर, आणि पानांतून ऊन नेमकं त्यांच्या बोटांवर आलेलं. मी फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि मला कळलं की इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. दहा वर्षांच्या कामाचा पहिला फोटो हाच, हे मी तिथेच ठरवून टाकलं. आजींनी माझ्याकडे बघून किंचित मान लववली, शिडीवरून उतरल्या आणि घरात गेल्या. मीही वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी मी जिथे जिथे गेलो तिथली माणसं थोड्या वेळाने घरात जात होती. मला वाटलं, जेवायला जात असतील.

मंगळवारी सरपंचांचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा. हवा उबदार झालीय म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही एवढ्या लांबून येता, फार दमत असाल. थोडे दिवस विश्रांती घ्या." मी म्हटलं, छे छे, मी मुळीच दमत नाही, गाडीत झोप होते. मग ते पुन्हा एकदा हवा उबदार झालीय म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी मी बायकोला कौतुकाने सांगितलं की माणसं बघ किती काळजी करतात. ती भाजी परतायची थांबली.

"अरे, ते तुला येऊ नको म्हणतायत."

"कसं शक्य आहे? तेवीस शिक्के आहेत."

"ते शिक्के कशाचे आहेत, ते विचारलंस का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पाटीवरचा शिक्का म्हणजे वाचलं, एवढंच. कचऱ्याच्या सूचनेवरही तोच शिक्का असतो. घरी येऊन मी हे खाली मान घालून सांगितलं.

"म्हणजे ब्लू टिक होती ती," बायको म्हणाली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, स्वतःचा नाही, त्यांचाच आला. मग तोंडावर सांगायचं ना, घरात कशाला जायचं, असं मी बराच वेळ बडबडलो. तिने मला बोलू दिलं आणि मग विचारलं, "आपल्या कोथरूडच्या सोसायटीत कोणी परका माणूस कॅमेरा घेऊन बायकांचे फोटो काढत हिंडला असता, तर तू काय केलं असतंस?" वॉचमनला बोलावलं असतं.

एप्रिलमध्ये मी कॅमेरा घरी ठेवून गेलो. नव्या वस्तीत राहायला येणारा माणूस शेजाऱ्यांना पातळ टॉवेल कागदात गुंडाळून देतो, म्हणून तसे तेवीस टॉवेल नेले. दार वाजवायचं, नाव सांगायचं, न विचारता फोटो काढल्याबद्दल माफी मागायची, मग विचारायचं. आधी सरपंचांकडे गेलो. ते माझ्याहून जास्त ओशाळले होते. कोणी म्हणालं झाडांचे काढा, चेहरा नको. कोणी म्हणालं हातांचे चालतील. दोन घरं म्हणाली, "विचार करतो." त्याचा अर्थ आता मला कळत होता, म्हणून मी आभार मानून निघालो.

आजींचं घर शेवटचं, सगळ्यात वर. मी त्यांच्या फोटोची प्रिंट नेली होती. मनातून वाटत होतं की फोटो पाहिला की त्या विरघळतील. इतका सुंदर फोटो कोणाला आवडणार नाही? दारात उभ्या राहूनच त्यांनी तो हातात घेतला आणि खूप वेळ पाहिला.

"हे जॅकेट नवऱ्याचं आहे," त्या म्हणाल्या. "शिडीवर दरवर्षी ते असायचे, मी खालून पिशव्या द्यायचे. ते गेल्यावर ह्या वर्षी पहिल्यांदाच एकटीने बांधल्या. मला जमत नव्हतं, आणि तेवढ्यात तुम्ही आलात."

मी काय बोललो ते आठवत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हा फोटो मी पुसून टाकतो, एवढं म्हणालो असेन. त्यांनी प्रिंट ॲप्रनच्या खिशात ठेवली.

"हा माझ्याकडे राहू दे. तुमच्याकडे नको." मग म्हणाल्या, "किती वर्षं येणार म्हणून लिहिलं होतंत?"

"दहा."

"दहा वर्षं येणार आहात, तर पहिल्याच दिवशी एवढी घाई कसली?"

मी पुन्हा वाकून माफी मागितली.

"मी एक्याऐंशीची आहे. ह्या वर्षी झाडांचे काढा. पुढच्या वर्षीही झाडांचेच. माझा त्याच्या पुढच्या वर्षी. असले तर."

त्या रात्री मी फोटो पुसला. बायको मागे उभी होती. "एक कॉपी ठेवली नाहीस ना?" तिने विचारलं. ठेवली होती, दुसऱ्या डिस्कवर. तीही पुसली. दोन दिवस मला कशातच गोडी वाटली नाही.

मग मी झाडांचे फोटो काढू लागलो. सुरुवातीला शिक्षाच वाटली. हळूहळू डोळे उघडले. नोव्हेंबरात बिवाला फुलं येतात, भर थंडीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वादळाने लोळवलेल्या झाडाच्या खोडातून नवा फुटवा आला, त्याचे मी महिन्यामहिन्याने फोटो काढले. प्रत्येक वेळी प्रिंट्स नेऊन घरोघरी द्यायचो. "विचार करतो" म्हणणाऱ्या दोन घरांपैकी एकाने दुसऱ्या उन्हाळ्यात मला चहाला बसवलं. पिशव्या बांधायलाही शिकलो. माझ्या बांधलेल्या पिशव्या आजी पुन्हा सोडून बांधायच्या आणि म्हणायच्या, "कॉम्प्युटरच बरा तुला."

दुसऱ्या हिवाळ्यात आजी घराच्या पायरीवर घसरल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. सरपंचांचा फोन आला तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार फोटोचा आला. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. दोन शनिवार मी हॉस्पिटलात गेलो. त्या काठी घेऊन चालायचा सराव करत होत्या आणि नर्सला बजावत होत्या की मार्चच्या आत घरी सोडा.

ह्या मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी चढ चढून गेलो तेव्हा आजी बागेत होत्या. शिडीवर नाही, शिडी आता बंद. सगळ्यात खालची फांदी जिथे डोक्याएवढ्या उंचीवर येते, तिथे त्या झाडाला काठी टेकवून उभ्या होत्या. केस पार्लरमध्ये जाऊन सेट केलेले. सरपंचांच्या बायकोने मला वाटेतच सांगितलं होतं की आजी काल मुद्दाम बसने शहरात जाऊन आल्या.

मला पाहून त्यांनी एक पिशवी घेतली आणि दोन्ही हात वर करून घोसाला धरली. मी कॅमेरा बाहेर काढला. ऊन ठीक होतं, जागा ठीक होती, पण बटण काही दाबवेना.

"आजी, काढू का?"

"दोन वर्षं विचारतोयस," त्या म्हणाल्या. "काढ आता. हात दुखायला लागले."