लालबागचा संध्याकाळचा वर्ग

कालिंदीबाई गिरगावातल्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि आमच्या लालबागच्या शाळेने त्यांना व्यवस्थापक समितीवर घेतलं. हेरंबराव वकील समितीचे अध्यक्ष. त्यांची कल्पना अशी, की बाई सभेला येतील, चहा घेतील, सही करून ट्रामने दादरला परत जातील. बाईंनी दुसऱ्याच सभेत गिरणीतल्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग मागितला. शिकवणार स्वतः. मी त्या शाळेत शिक्षक होतो. मदतीला मला घेतलं.

वर्ग शाळेच्या हॉलमध्ये भरे. बायका चूल आटोपून, कडेवर पोरं घेऊन येत. त्यांतली रखमा मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मालवणकडची, गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायची. बायकांची खाती एकेक करून बंद होणार, हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं. गिरणीच्या पाळणाघरातल्या नर्स अंबिकाबाईंनी तिला सांगितलं होतं, की औषधाच्या बाटलीवरचं वाचता आलं तर आयाची जागा रिकामी होईल तेव्हा तुला घेईन. म्हणून रखमा शिकत होती. भाकऱ्या करायच्या आधी परातीतलं पीठ सारखं करून त्यात बोटाने अक्षरं काढायची, मग त्यावरच पाणी ओतायची. तिचा नवरा लवू साच्यावर, म्हणजे मागावर होता. तो म्हणायचा, "आमी काय, रोज धडो खातो." जोडाक्षरांपर्यंत ती आली होती.

मग छप्पन साल उजाडलं. गोळीबार झाले, माणसं गेली, गिरणगावात घरोघरी एकच विषय. मुंबई महाराष्ट्रातच हवी म्हणणाऱ्या चळवळीच्या मंडळींना संध्याकाळच्या सभांसाठी हॉल हवा होता. हेरंबरावांना सरकारी अनुदानाची धास्ती. ते म्हणाले, "बाई, हॉल दिला तर तुमचाच वर्ग जाईल." बाईंनी शांतपणे सांगितलं, की ते वर्गातल्या बायका ठरवतील.

त्यांनी खरोखरच बायकांना विचारलं. बाकीच्या सगळ्या एका सुरात हो म्हणाल्या. रखमा तेवढी थोडी थांबली. तिने विचारलं, आलेलं सगळं मध्येच गेलं तर? बाई हसल्या. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईचं ते हसणं होतं. म्हणाल्या, "अगं, अक्षर एकदा आलं की जात नाही. पोहण्यासारखं असतं ते."

"मग काय," रखमा म्हणाली, "आधी मुंबय घेवया, मगे वाचूया."

आपल्याला वाचता येत नव्हतं, असा काळच बाईंना आठवत नव्हता. घरात वर्तमानपत्र, पुस्तकं, भिंतीवर पंचांग. ज्याच्या घरात छापलेला कागद फक्त खाऊच्या पुडीला असतो, त्याचं अक्षर न वापरता कुठे राहणार, हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

हॉल चळवळीला गेला, वर्ग थांबला. आम्हाला वाटलं होतं, चार-सहा महिने. वर्षं गेली. रखमा प्रत्येक मोर्चात पुढे असे. शिवाजी पार्कच्या सभेत ती लांबून बाईंना हात करी. सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आली. मधल्या काळात तिचं खातं बंद झालं. ती घरी खानावळ चालवू लागली. खोलीत दहा माणसांचं रांधायचं, परातीत रेघ ओढायला वेळ कुणाला.

साठ सालच्या मे महिन्यात लालबाग दिव्यांनी उजळलं. बाईंनी सगळ्या शिक्षकांना पेढे वाटले. जूनमध्ये हॉल परत मिळाला, आणि त्याच आठवड्यात अंबिकाबाईंचा निरोप आला: आया गावी चालली, रखमाला पाठवा. बाई स्वतः चाळीत गेल्या आणि रखमाला हाताला धरूनच घेऊन आल्या. वाटेत तिला म्हणाल्या, तू उगाच घाबरतेस.

हॉलला अजून विडीचा वास होता. बाईंनी तेच जुनं पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. रखमाने ओळीवर बोट फिरवलं, एकही शब्द लागेना. मग बाईंनी ताटात पीठ पसरलं, नाव लिही म्हणाल्या. पहिलं अक्षर आलं. पुढे बोट तसंच टेकून राहिलं. तिने हळूच पीठ पुसलं.

बाईंनी पाळणाघरात जाऊन दोन महिन्यांची मुदत मागितली. अंबिकाबाईंचाही नाइलाज होता. तान्ही मुलं थांबत नाहीत. जागा दुसरीला गेली.

हे सांगायला बाई गेल्या आणि दारातच थांबल्या. रखमानेच त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "वायट वाटून घेव नका, बाई. मुंबय गावली मा आपणांक?"

ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच बाई जिन्यात बसून रडल्या.

गणपतीला रखमा गावी गेली ती परत आली नाही. लवू एकटाच आला.

पुढे एकदा मी बाईंना विचारलं, आज पुन्हा तीच वेळ आली तर हॉल द्याल?

"देईनच," त्या म्हणाल्या. "पण अक्षर जात नाही, असं तिला सांगणार नाही."

त्यानंतर हॉल कुणी कशासाठी मागितला, तर बाई वर्ग शाळेच्या जिन्यात बसवायच्या. वर्ग सुटला, की दाराशी उभं राहून प्रत्येकीला म्हणायच्या, उद्या या. आणि घरी पीठ मळायच्या आधी एकदा बोट फिरवा.