मामा एसी आणि माझी पाच मिनिटं

चार माणसं दर शुक्रवारी जमली की किस्से साचतात, एसीखाली पाणी साचतं तसे. पुसायला कुणी उठत नाही, म्हणून मी सांगतो.

नव्वदीतली गोष्ट. मी आखातात, शुऐबाला फिटर, सातवी नापास. शुक्रवारी हवल्लीतल्या एका हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती उपासना. उपदेश दाविद मास्तरांचा, शेवटची पाच मिनिटं साक्ष माझी, म्हणजे देवानं माझं काय भलं केलं ते सांगायचं. लोक मास्तरांना जांभया द्यायचे आणि मला हशा. आमच्यानंतर हॉल घानावाल्यांचा. त्यांच्यातली एक मोलकरीण लवकर येऊन मागं बसू लागली. नाव मामा एसी.

त्यांच्यात आईला मामा म्हणतात. मास्तरांनी जाहीर केलं, "आज आपल्यात मामा आलेत." सगळे दाढीमिशा शोधत राहिले.

*

पुढं ती मोडक्या हिंदीत शास्त्राचा अर्थ सांगू लागली आणि माझी पाच मिनिटं तिची झाली. एका शुक्रवारी ती आली नाही. मास्तर म्हणाले, "आज एसी नाही." उकडेल म्हणून निम्मा हॉल उठला. कोणती एसी ते कळल्यावर उरलेलाही उठला.

मी जळून कोळसा.

*

मग डाव टाकला. मास्तरांना म्हटलं, तिला बायबलातली वंशावळ द्या समजावायला. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, नुसती बापांची यादी. देवदूतही पेंगेल.

ती उभी राहिली. "इतना मर्द लोग! मगर लिखनेवाला किचन का दरवाजा बंद करना भूल गया. देखो, चार औरत अंदर आ गया."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं, सुशीलानंसुद्धा. ती दवाखान्यात कामाला, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. माझ्या साक्षीला ती अकरा वर्षं झोपत आली होती.

*

पुढच्या खेपेला मास्तर बायबलातल्या त्या दासीवर बोलत होते, मालकिणीच्या छळाला कंटाळून वाळवंटात पळालेली ती. मामानं विचारलं, "दासी मतलब?"

मी मुद्दाम इथल्या अरबीत मोलकरणीला म्हणतात तो शब्द फेकला, "खद्दामा." चारजण फिदीफिदी हसले.

ती रागावली नाही. "हां, खद्दामा. मॅडम ने निकाला, पासपोर्ट भी नहीं. मगर खुदा को पहला नाम इसी ने दिया. बोला, तू मेरे को देखता है. हमारे गांव में ये बात औरत लोग पादरी को सिखाता है."

मागं सुशीला उठली. "मी खद्दामा आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात नाही. एगैलात, एका घरी." आणि जाऊन मामाशेजारी बसली.

परतताना बसमध्ये मी लाडीगोडी लावली, "मग, तू काय नाव दिलंस देवाला?"

"देवाचं अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "तुमचं ठरलंय."