बोरन्हाणातली केशरी फळे
पौषात अंगणातल्या दुरांट्याला केशरी फळांचे घोस लागले की मला मुलाचे बोरन्हाण आठवते. अकोल्याच्या घरी, शोभा वाढावी म्हणून नणंदेने त्या काटेरी झुडपाची फळे बोरांत मिसळली होती. ती विषारी असतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. मुलाच्या डोक्यावरून सारे ओतताच लेकरे वेचायला धावली. तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडल्या, "अवो, थांबवा लेकराइले! याच्यानं माही बकरी मेली!" त्यांनी माझ्या मुलाच्या तोंडात बोट घालून फळ बाहेर काढले. ते अजून अख्खे होते. मला रडू आवरेना, तेव्हा काकूंनी घरून ओच्यात बोरे आणली आणि म्हणाल्या, "रडतं काहून वं माय? पुन्हा न्हाऊ घालू." आज नातीच्या बोरन्हाणासाठी मी एकेक बोर निवडते आहे, पहिली ओंजळ काकूंच्याच हातून पडायची आहे.