जनाना डब्यातली झोळी

येडशीच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हा मी घरी रेल्वेचे डबे बनवायचो. खेळण्यातले नव्हेत. आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचा खरा डबा जसा होता तसाच, फुटाला पाव इंच या मापानं लहान केलेला. त्यातला तिसऱ्या वर्गाचा जनाना डबा, म्हणजे बायकांचा, अजून शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. खालच्या पाटीवर माझ्या एकट्याचं नाव आहे. ते खरं नाही, आणि ते सांगायचं मी फार वर्षं टाळलं.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं लग्न व्हायचं होतं. घरात मी आणि अक्का, माझी थोरली बहीण. तिचा नवरा लातुरात वारला तेव्हा ती तान्ह्या मुलीला घेऊन छोट्या गाडीनं माझ्याकडं आली. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी तापानं गेली. मुलीचा एक फोटोसुद्धा नव्हता. अक्का त्याबद्दल बोलत नसे आणि मी विचारत नसे. मला ते सोयीचंच होतं.

डब्यांचा नाद रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकामुळं लागला. तिकडचे लोक घरी बसून असले डबे बनवतात, अगदी कडीकोयंड्यासकट, असं त्यात चित्रांसह छापलं होतं. मी चहाच्या खोक्याचं प्लाय आणलं, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून छत केलं, टाचण्या वाकवून दाराच्या मुठी केल्या. पण खिडक्यांच्या झडपा काही जमेनात. पट्ट्या तिरक्या बसवायला गेलं की सरसानं बोटालाच चिकटायच्या.

"तुझी बोटं खडू धरायची रे," अक्का म्हणाली. "हो बाजूला."

तिनं जुन्या सुपाच्या कामट्या ब्लेडनं चिरल्या आणि सगळ्या झडपा बसवल्या. तेव्हापासून बारीक काम तिचंच. बाकांच्या फळ्यांमधल्या फटी, सामानाच्या फळीचे आकडे, खिडकीच्या गजांना रंग, सगळं तिनं केलं. मी मापं काढायचो आणि कापायचो.

मापं स्टेशनात घ्यायची. इंजिन पाणी घेईपर्यंत गाडी थांबायची, तेवढ्यात मी टेप घेऊन डब्याभोवती फिरायचो. गार्ड दारातून बघत म्हणायचा, "काय मास्तर, कोट शिवायलाव का गाडीला?" सगळी मापं अशी मिळाली, फक्त जनाना डब्याच्या आतली राहिली. एकदा पायरीवर पाय ठेवला तर आतून एक म्हातारी ओरडली, "लुगडी मोजायलाव का मास्तर? व्हा खाली!" अख्खा फलाट हसला.

घरी येऊन हे सांगितलं, तर अक्का हातातलं काम ठेवून म्हणाली, "मी जाते."

ती लातुराहून आली त्यानंतर गाडीत बसली नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. माझं माप मिळणार या आनंदात मी तिला ढोकीचं तिकीट काढून दिलं. ती दोऱ्याचं रीळ घेऊन गेली आणि परतीच्या गाडीनं आली. बाकाची रुंदी, फळीची उंची, दाराची फट, एकेका मापाला एक गाठ मारून तिनं दोरा माझ्यापुढं ठेवला. डोळे लाल होते.

"काय झालं?"

"कोळशाची कणी गेली."

मी पट्टी घेतली आणि दोरा मोजायला लागलो.

"आतलं मी करते," ती म्हणाली. "तू छत बसव."

उस्मानाबादला हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं होतं. अक्कानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, पण तेव्हा म्हणाली, "मी येऊ का? लोक डबा बघताना मला बघायचंय."

मी म्हणालो, बसला गर्दी असते, पुढच्या वेळी जाऊ. खरं कारण ते नव्हतं. उद्घाटनाला नारळ फुटणार, मोठ्या घरच्या बायका येणार, तिथं विधवा बहीण बरोबर नको, असं माझ्या मनात होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं.

"बरं," ती म्हणाली, आणि डबा तिनं आपल्या जुन्या पातळात गुंडाळून दिला.

परीक्षक सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. ते खाली वाकून वाकून बघत होते. मी छत उचलून दाखवलं. त्यांनी भिंग लावलं.

"वा! पण मास्तर, हे काय लोंबतंय?"

सामानाच्या फळीखाली दोन दोऱ्यांवर कापडाचा एक इवलासा तुकडा टांगलेला होता. मी तो पहिल्यांदाच बघत होतो.

"काही नाही साहेब, चिंधी अडकलीय. घरातल्या बायकांचा हात लागला असेल."

साहेब हसले. भोवतीची माणसंही हसली. मी खिशातला चिमटा काढला, तो तुकडा धरून ओढला, डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि फुंकरीनं उडवला. बक्षीस मिळालं. पाटीवर नाव कुणाचं लिहायचं असं विचारलं, तेव्हा मी माझं सांगितलं.

घरी आल्यावर अक्कानं बक्षिसाकडं पाहिलंही नाही. तिनं आधी छत उचललं.

"इथलं कुठंय?"

"ते होय? काढून टाकलं. साहेबांनी विचारलं. रेल्वेच्या सामानात असलं काही नसतं."

ती खाली बसली. "झोळी होती रे ती."

तिनं फळीखाली बोट लावलं.

"लातुराहून आले तेव्हा फळीला झोळी बांधून आणलं तिला. वाटंभर निजली होती. तिच्या टोपड्याचं कापड होतं ते." मग म्हणाली, "रेल्वेचं सामान नसेल. पण जनाना डब्यात एकतरी झोळी असायचीच. ढोकीला गेले तेव्हाही होती."

सकाळी पहिल्या बसनं मी उस्मानाबादला गेलो. मंडप उतरवला होता. एक बाई झाडून, कचरा उचलून सडा घालत होती. मी तिला काय विचारणार होतो? परत आलो. कुठं गेलो होतो ते अक्कानं विचारलं नाही.

त्यानंतर तिनं डब्याच्या कामाला हात लावला नाही. मी आणखी काही बनवले, पण त्यांच्या झडपा वेड्यावाकड्याच झाल्या. तो डबा घरात मला बघवेना. शाळेला भेट द्यायची म्हणून मी तो उचलला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गुंडाळून ने. धूळ बसेल." टोपडं कापून झोळी केलेली, आणि झोळी मी उडवलेली. मुलीचं म्हणून तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, डबा तेवढा होता. तोही मी नेला. लोक म्हणाले, मास्तरांचं मन मोठं.

अक्का जाऊनही आता खूप वर्षं झाली. छोटी गाडी गेली, मोठे रूळ आले. मध्यंतरी शाळेतल्या बाईंनी बोलावलं. कपाट नवं करत होत्या, डबा पुसायचा होता. त्यांनी छत उचललं आणि म्हणाल्या, "आजोबा, फळीला दोन दोरे अडकलेत. काढू का?"

मी भिंगातून पाहिलं. चिमट्यानं कापड निघालं होतं. अक्काच्या गाठी निघाल्या नव्हत्या.

"नका काढू," मी म्हणालो. "झोळी होती तिथं. माझ्या भाचीची." आणि मग सगळं सांगितलं. पाटीवर अक्काचं नाव आधी घाला, असंही सांगितलं.

बाईंनी छत हळूच बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आपण नवी बांधू या की, आजोबा. कसल्या रंगाची होती?"

त्या डब्याचा बाक केवढा, फळी किती उंचीवर, दाराला फट किती, मी आजही न मोजता सांगेन. तो तुकडा चिमट्याच्या टोकावर माझ्या डोळ्यांसमोर होता. मी आठवत उभा राहिलो. बाई वाट बघत होत्या.

मला रंग सांगता आला नाही.