पहिल्या रांगेतल्या अक्षता

वर्तकनगरच्या एका सोसायटीत तळमजल्यावर टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. बारा मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बाराच्या बारा दुरुस्तीला माझ्या हाताखालून गेलेली. ती किती जुनी, ते विचारू नका. त्यातल्या एकाचा पंखा सुरू झाला की समोरच्या इमारतीतल्या बायका आपला मिक्सर बंद करून बघायच्या, आपलाच ओरडतोय की काय. पण चालायची सगळी. मी राहतो डोंबिवलीत, मानपाड्याला. तिथे बसून फोनवर ऐकलेल्या घरघरीवरून मी सांगतो, कुठल्या मशीनची रॅम हललीय. बायको याला थापा म्हणते. धंद्यातलं तिला अजून काही कळलेलं नाही.

एके दिवशी क्लास चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "दादा, परीक्षा केंद्राचं नवीन पत्र आलंय. सगळी मशीन गिगाबिटवर, म्हणजे वेगवान नेटवर्कवर पाहिजेत म्हणतात. शुक्रवारी चार वाजता माणूस तपासायला येणार. एक जरी कमी पडलं तर केंद्र रद्द."

मुलं या क्लासला येतात ती परीक्षा तिथेच होते म्हणून. केंद्र गेलं की मुलं स्टेशनजवळच्या चकाचक क्लासला जाणार आणि ताई कुलूप लावणार, इतका साधा हिशेब.

माझ्या आधी त्यांनी टाय लावलेला एक इंजिनीअर बोलावलेला. त्याने कॅबिनेटला बोटसुद्धा न लावता निकाल दिला, "मॅडम, ये सब कबाड़ है." हे ऐकून मला जो संताप आला, त्यावर अख्ख्या ठाण्याचे गीझर तापले असते. कबाड़? भंगार? अरे, जुन्या मशीनचं फक्त नेटवर्कचं तोंड जुनं असतं. आत मदरबोर्डवर एक रिकामी खाच असते, स्लॉट. त्यात नवं कार्ड बसवायचं, दहापट वेग. आजोबांना नवी कवळी बसवल्यासारखं. आजोबा तेच, पण शेंगदाणे खायला मोकळे.

शुक्रवारी सकाळी नऊला बारा कार्डं, स्क्रूड्रायव्हर आणि शाळेतलं खोडरबर घेऊन मी हजर. दारात खुर्ची टाकून आजी बसलेल्या, म्हणजे ताईंच्या सासूबाई. घर वरच्याच मजल्यावर, पण त्यांचा दिवस क्लासच्या दारातच जातो.

"जमणार ना रे? की नुसत्या बाता?"

"आजी, चार वाजता तो साहेब टोपी काढून सलाम ठोकून जाईल."

"आणि टोपी घातलीच नसली तर?"

मी मागच्या दोन रांगांपासून सुरुवात केली. वायर काढा, कार्ड दाबा, स्क्रू आवळा, चालू करा. एका मशीनला वीस मिनिटं. (सांगताना मी पाच सांगतो.) बारा वाजेपर्यंत आठ मशीन गिगाबिटवर. मी शीळ घालत पहिल्या रांगेकडे वळलो आणि शीळ तिथेच संपली. चारातलं एकही मशीन नवं कार्ड ओळखेना. कार्डं बदलली. नाही. मी अर्थिंगला दोष दिला, कार्डवाल्याला दिला, खाडीवरून येणाऱ्या दमट हवेलाही दिला.  हातात फडकं घेऊन ताई भिंतीवरची 'परीक्षा केंद्र' पाटी पुसत होत्या. एकच कोपरा, पुन्हा पुन्हा.  

शेवटी मी पुढचं कार्ड नेऊन मागच्या मशीनला लावलं. चाललं! म्हणजे कार्ड ठणठणीत. रोग पहिल्या रांगेलाच.

"आजी, या रांगेलाच कोणाची दृष्ट लागली?"

"दृष्ट कशाला लागेल? दर दसऱ्याला पूजा करते मी त्यांची. गुडघ्यांमुळे मागे जाता येत नाही रे, म्हणून मागच्यांना इथूनच नमस्कार. पुढच्या चौघांना मात्र हळद, कुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत."

मी टॉर्च घेऊन आत वाकलो. खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. त्याच्यामागे दुसरा. बाकीच्या खाचा भरलेल्या, ही एकच वर्षानुवर्षं रिकामी, म्हणून आशीर्वाद सगळा हिच्यात साठलेला. मोजले नाहीत, पण चौघांच्या मुगाच्या खिचडीला पुरले असते.

मी कमरेवर हात ठेवून गरजलो, "ताई, पण मशीनची वरची झाकणं कोणी काढून ठेवलीत ही? एवढी महागाची मशीन उघडी टाकतं का कोणी?"

ताईंनी फडकं खाली ठेवलं. "तुम्हीच, दादा. म्हणालेलात, झाकण काढा, वारा लागू दे, मशीन शंभर वर्षं चालेल. ती बघा, तिकडे टेबलाखाली ठेवलीत सगळी."

आजी इतक्या हसल्या की खुर्ची हलली. "म्हणजे तांदूळ माझे आणि दार उघडं तुझं!"

मी लगेच टेबलाखालची झाकणं मोजायला वाकलो. असा तोंडघशी पडण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात दोनदाच आला, पहिला लग्नात.

आजींनीच वरून उदबत्तीचा पुडा मागवला, एका उदबत्तीचा मसाला खरवडला आणि काडी माझ्या हातात दिली. "लोखंड नको घालू आत. आणि दाणे वाटीत घे, पायदळी नको यायला." ताईंनी टॉर्च धरला, आजींनी वाटी धरली, मी काडीने एकेक दाणा उचकून काढला, मग ब्रशने कुंकू झाडलं. एक, दोन, तीन मशीन लागली. साडेतीन झाले आणि चौथ्याचा दिवा पेटेना. कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासले, पुन्हा दाबलं. टक्. हिरवा दिवा! ताईंनी टॉर्च विझवला.

साहेब चार वाजून दहा मिनिटांनी आले. टोपी नव्हती. थेट पहिल्या रांगेत बसले, एकेक मशीन तपासत शेवटपर्यंत गेले. "नवीन घेतलीत का सगळी?"

"नाही, साहेब," ताई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "तीच आहेत. आमचीच जुनी."

त्यांनी सही केली.  माझी छाती एवढी फुगलेली, की बोललो असतो तर शर्टाची बटणं साहेबांना लागली असती.

त्या दसऱ्याला मला खास बोलावणं आलं. बाराही मशीनना झाकणं लावलेली. आजी माझा दंड धरून या वेळी मागच्या रांगेपर्यंत आल्या, प्रत्येक झाकणाला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. मग ताटातल्या उरलेल्या अक्षता मुठीत घेतल्या, झाकणांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"त्यांना झाकण आहे. तुला नाही," म्हणाल्या आणि सगळी मूठ माझ्या डोक्यावर टाकली.

घरी बायकोला केसांत तांदळाचा लाल दाणा सापडला. मी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, झाकणांसकट. "यातलं झाकणांचं तेवढं खरं वाटतं," म्हणाली आणि दाणा देवापुढे ठेवून आली.