शेवंतीच्या कडेचे दिवे

खलबत्ता कितीही पुसा, मागच्या कुटण्याचा वास पुढच्याला लागतोच. आमच्या ओट्यावरचे किस्से तसेच. एक सांगायला घेतला की खालचा वर येतो.

देऊळघाट गावात या ओट्यावर आम्ही चौघी रोज दिवेलागणीला बसायचो. कमल वारली. शांता मुलाकडे पुण्याला गेली. उरलो मी आणि समोरच्या घरातली जैतुनबी. आम्हा दोघींचं एकाही गोष्टीवर कधी एकमत झालं नाही, म्हणून तर बैठक टिकली.

*

जैतुनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका संध्याकाळी अंगणात येताना ती वाफ्याच्या तिरप्या विटांना अडखळली आणि सरळ माझ्या शेवंतीत बसली. लागलं काही नाही. मी हात दिला, तर बसल्या जागेवरून म्हणते, "तुही शेवंती रस्त्यात येते गिरजा. तिले वळण लाव."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. निरोप आला, डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, अंधारात आता जमत नाही.

मी तिच्याकडे जाऊन पाहिलं. तिथे सून चहा आणते, पदर सावरून गोड बोलावं लागतं. भांडता येत नाही. असल्या बसण्याला काय अर्थ? घरी आले ती ठरवूनच, की वाफ्याच्या कडेला सोलरचे दिवे लावायचे. कोणासाठी, ते कोणाला सांगितलं नाही. मिनतवाऱ्या करणं माझ्या रक्तात नाही.

*

मी शाळेची पायरी चढले नाही. मराठी शिकले एसटीच्या पाट्यांवरून, इंग्रजी औषधांच्या खोक्यांवरून. बुलढाण्याच्या दुकानदाराला हे काय माहीत! म्हणाला, "आजी, पोराले घेऊन या, तो वाचून पसंत करन."

मी खोकं उचललं. "वॉटरप्रूफ लिहेल हाय." आणि काउंटरवरचा पाण्याचा गिलास दिव्यावर ओतला. "आता लावून दाखव."

"उजेडात लागत नाही आजी. वरची काच झाका, मंग लागते."

मी दिवा पदराखाली घेतला. लागला! मग काय, दुकानातलं एकेक गिऱ्हाईक माझ्या पदराखाली डोकावून गेलं.

"रंग बदलणारे न्या," दुकानदार म्हणाला. "लाल, निळे, हिरवे."

"अंगणात डीजे लावून राह्यली काय मी? ज्याले कमी दिसते त्याले दिसन, असा दे."

तो हसला. "ज्याले दिसतच नाही त्याले लाइट कायले?"

मी पिवळे घेतले.

*

पुण्याहून शांताचा फोन. "आमच्या सोसायटीत मशरूमसारखे लाइट हायत. लय शोभतात. ते आणायचे होते."

"शांते, कुत्र्याच्या छत्र्या उपटण्यात जन्म गेला. आता इकत आणून लावू काय?"

ती खूप हसली. मग म्हणाली, "अजून थोडं बोल वं. इथं कोणी असं बोलत नाही."

*

पहिल्या दिवशी दिवे कडुलिंबाच्या सावलीत खोचले. संध्याकाळी उजेड इतका मिणमिणता, की काजवेसुद्धा लाजले असते. शेजारचा प्रल्हाद म्हणाला, "काकू, सूर्याले आधी ऊन तर खाऊ घालू द्या त्याइले." तोंडाळ आहे, पण बरोबर बोलला. उन्हात हलवले आणि शेवंतीची सगळी कड उजळली.

फाटकापाशी माणसं थांबायला लागली. एकानं विचारलं, "काकू, लगीन हाय काय घरी?"

"हाव, माहं."

पाहून पाहून लोक गेले. दिवे होते, मी होते. समोरचं दार लागलेलंच. पुढेही रोज तसंच. दिवे आपोआप लागत, मी ओट्यावर बसे, जेवायची वेळ झाली की उठे. भांडायला कोणी नाही म्हटल्यावर संध्याकाळभर माझं तोंडच उघडत नव्हतं.

*

मग एकदा दिवसभर आभाळ आलं. संध्याकाळी एकही दिवा लागला नाही. एवढ्या दिवसांचा माझा राग बाहेर पडला. कमरेवर हात ठेवून मी दिव्यांनाच सुनावलं, "ऐदी हायत सगळे! पैसे घेताना उजेड, कामाच्या टायमाले अंधार! तुमच्यापक्षा माही चिमणी बरी होती, फुटक्या काचेची!" बराच वेळ चाललं. दुकानदाराचा उद्धार झाला, पुण्याच्या मशरूमचाही झाला.

दम घ्यायला ओट्याकडे वळले, तर जैतुन आपल्या जागेवर बसलेली. चपला पायरीखाली, नेहमीसारख्या.

"तू? एकही दिवा लागला नाही. विटाइतून आली कशी?"

"कोणते दिवे?"

"तुह्यासाठी लावले ते! पिवळे! रोज लागतात."

"मले कायचे दिसतात," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली. "तू भांडून राह्यली होती, त्या आवाजाच्या रोखानं आली. इतके दिवस गप बसली, मंग मी कोणीकडून येऊ?"